बादलीचा जोड

"चाचा, नुसती टकटक नका करत बसू. माझी पोर बसणार आहे हिच्यात. घेऊ का नको, तेवढं सांगा."

जयवंती सिस्टरच्या या बोलण्यावर इदरीसने मान हलवली, पण त्याची बोटं पांढऱ्या गाडीच्या छतावरून सरकतच राहिली. दोन हजार तीन साली जव्हारात जुनी गाडी घ्यायची म्हणजे आधी इदरीसला दाखवायची, असा रिवाजच पडला होता. तीस वर्षं ठोकलेल्या गाड्या सरळ केलेला माणूस! घाटात कुठली गाडी कशी पडली, आतलं कोण वाचलं, कोण गेलं, हे पोलिसांपेक्षा त्याला जास्त ठाऊक. पत्र्याच्या आवाजावरून सांगायचा, इथे पुट्टी भरलीय, इथे नाही. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सिस्टर मोखाड्याच्या दवाखान्यात नर्स होती. होळीच्या आदल्या दिवशी ती बसली होती ती जीप घाटात उलटली. बारा जणांच्या जागेत वीस माणसं. शेजारची भागी जागच्या जागी गेली, सिस्टरच्या मांडीवरची तीन वर्षांची लेक गौरा तेवढी खरचटून सुटली. तेव्हापासून बाईने जीपमध्ये पाय ठेवला नव्हता. ती गाडी चालवायला शिकली, गळ्यातलं मोडलं, आणि एकच हट्ट धरून बसली: गाडी जुनी चालेल, पण धडकेत पोर वाचली पाहिजे.

"जाड पत्र्याची बघा ना एखादी," तिचा नवरा हरेश म्हणाला. तो सूर्यमाळच्या शाळेत मास्तर.

"हीच चूक करतात समदे," इदरीस म्हणाला. "मास्तर, नुसता जाड पत्रा धक्का खात नाही, आत पाठवतो. गाडीचं नाक चेपलं पाहिजे. माणसं बसतात ती पेटी शाबूत राहिली पाहिजे. वर पट्टा बांधलेला पाहिजे. नाकाची चपाती झालीय आणि आतला माणूस चालत बाहेर आलाय, असं मी या डोळ्यांनी बघितलंय."

"मग हीच ती, अब्बा!" वासिफ पुढे सरसावला. तो इदरीसचा जावई. शायस्ताशी लग्न होऊन वर्ष झालं होतं, जुन्या गाड्यांचा धंदा नुकता मांडला होता, आणि नाशिकहून आणलेली ही त्याची पहिलीच गाडी. "मागेसुद्धा पट्टे आहेत. एक नंबर पीस."

इदरीसलाही गाडी आवडली होती, खोटं कशाला बोला? छत बोललं, दारं बोलली, कुठे खोट नाही. जावयाची बोहनी चांगली होणार म्हणून तो मनातून खूश होता. आता शेवटचं बघायचं म्हणून तो वाकला, पुढच्या सीटमागची चटई उचलली आणि खाली हात घातला.

बोट अडकलं.

पत्र्याची कड आत दुमडलेली होती. दुमडून, ठोकून, मग जोडलेली.

इदरीसचा बाप बाजारात बादल्या बनवायचा. जोड द्यायच्या आधी कड दुमडायची, ही त्याची शिकवण. बाकीचे डेंटर पत्र्याला पत्रा लावतात आणि वेल्डिंग मारून मोकळे होतात. कड दुमडणारा एकच माणूस, आणि तो आत्ता चटईखाली हात घालून बसला होता. चार वर्षांपूर्वी एक व्यापारी मागून चिरडलेली लाल गाडी घेऊन आला होता, आणि दुसऱ्या गाडीचा चांगला मागचा अर्धा भाग. पंधरा दिवस खपून इदरीसने दोन्ही एक केले होते. "आता काढा शोधून," असं म्हणून मिशीवरून हात फिरवला होता. कुणाला सापडला नाही जोड. आज रंग बदलल्यावर, चटई उचलेपर्यंत, त्याला स्वतःलाही सापडला नव्हता. लाज वाटायच्या आधी, खुदा माफ करो, त्याला क्षणभर अभिमानच वाटला.

मग मात्र त्याने हात चटकन बाहेर ओढला.

"काय झालं, अब्बा?" वासिफने विचारलं.

"काही नाही." शब्द निघूनही गेला. सिस्टर त्याच्या तोंडाकडे बघत होती. "सिस्टर, पांढरा रंग लई मळतो. दुसरी बघू या का?"

"मळला तर धुवीन की! चाचा, रंगाचं काय सांगता मला?"

"नाही, म्हणजे..."

एवढ्यात गौरा मागच्या दारातून आत चढली, सीटवर पाय लांब करून बसली आणि टाळ्या पिटत म्हणाली, "आय, चल ना!"

"उतरव तिला!" इदरीस एवढ्याने ओरडला की समोरच्या पानवाल्याने मान वर केली. "उतरव म्हणतो ना!"

सिस्टरने पोरीला उचललं. इदरीसने कुणाकडे न बघता जॅक ओढला, मागच्या कोपऱ्याखाली लावला आणि दांडा फिरवायला लागला. चाक उचललं. आणखी थोडं. कट्ट आवाज झाला आणि दाराखालच्या रंगाला तडा गेला. तड्यातून तांबडा गंज गळला.

"अब्बा, काय करताय? माझी गाडी आहे ती!"

"माझी आहे. मीच जोडलीय. दोन गाड्यांची एक." इदरीस सिस्टरकडे वळला. "असा जोड बादलीला दिला ना, तर थेंब गळत नाही. पण घाटात धडक बसली तर ही मधोमध उघडंल."

सिस्टरने गौराला छातीशी घट्ट धरलं. "जोडताना ठाऊक होतं तुम्हाला?"

"जोडताना पत्रा बघितला. बसणारा नाही बघितला."

वासिफने तड्यावरून बोट फिरवलं. "सगळ्या बाजारासमोर, अब्बा? घरी जाऊन शायस्ताला काय सांगू मी?"

"खरं ते सांग."

"मग ईदला तिची वाट बघू नका." सलामही न करता तो चालता झाला. इदरीसचा जीव गलबलला, पण त्याने हाक मारली नाही.

"अशी आणखी आहे का, चाचा?" सिस्टरने हळू विचारलं.

इदरीसने जॅक खाली घेतला. मग म्हणाला, "एक आहे. खोडाळ्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो खोडाळ्याला उतरला, तेव्हा त्या दुसऱ्या गाडीचा मालक सखा शाळेची पोरं आत कोंबत होता. दप्तरं मागे, बारकी पोरं मोठ्यांच्या मांडीवर.

"अरे चाचा! इकडं कुठं? गाडी झकास चाललीय तुमची. चार वरसं झाली, हात नाही लावावा लागला!"

"म्हणूनच आलोय," इदरीस म्हणाला. "पोरांना उतरव, सखा."

सखा हसला. इदरीसचं तोंड बघून हसायचा थांबला. इदरीसने मागचं दार उघडलं आणि शेवटचं पोर खाली येईपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.