राख आणि मणी

कपाट रिकामं केलं तेव्हा पस्तीस कपडे निघाले. कुर्ते एकोणीस, लेगिंग सात, टॉप पाच, जीन्स तीन आणि कॉलेजच्या लॅबमधला ॲप्रन एक. दीक्षाने प्रत्येकाच्या आतल्या शिवणीजवळून कापडाचा एकेक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि मेणबत्तीवर नेला. सुती धागा कागदासारखा जळतो. मागे करडी राख उरते, ती फुंकली की उडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा काळा, कडक मणी होतो. तीस कपड्यांचा मणी झाला. तीन जीन्सची राख झाली, पण चिमटीत चोळल्यावर तिच्यात बारीक खडे लागले, म्हणजे सुतात भेसळ होती. निव्वळ राख दोनच कपड्यांची: ॲप्रनची आणि एका बिनबाह्यांच्या कुर्त्याची. मणी झालेल्या तिसांपैकी नऊ कपड्यांना तर दुकानाची लेबलं अजून तशीच लटकत होती.

"घर पेटवतीस व्हय?" आक्काताई, तिची आई, पदर नाकाला लावून दारात उभ्या राहिल्या. "चांगली कापडं जाळाय लागलीस."

"चांगली कुठली आई, प्लॅस्टिक आहे सगळं."

"मग घेताना काय डोळं झाकल्यालीस?"

एक कुर्ता चारशेला दोन मिळत होते म्हणून घेतला होता, एक मैत्रिणीने घेतला म्हणून, एक नुसता हँगरवर छान फुगला होता म्हणून.

ही सगळी जाळपोळ सोमवारसाठी चालली होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने तिला लॅबमध्ये केमिस्ट म्हणून घेतलं होतं. वितळलेल्या लोखंडाचा नमुना आणायला भट्टीपर्यंत तिलाच जायचं होतं. कागदपत्रं द्यायला गेली तेव्हा सेफ्टी ऑफिसर धैर्यशील सरांनी तिच्या चकचकीत बाहीकडे बघून सांगितलं होतं, "ठिणगी पडली की हे वितळून कातडीला चिकटतं. पूर्ण बाह्यांचं सुती घालून या, न्हायतर गेटवरनं परत जायचं. युनिफॉर्म कायम झाल्यावर मिळंल." शिकवणीतून साठवलेले तीन हजार तिच्याकडे होते. पहिला पगार दीड महिन्यावर होता.

रविवारी महाद्वार रोडला निघाल्यावर बसमध्येच तिने आईला बजावलं. दोनच कुर्ते घ्यायचे. धागा जाळल्याशिवाय घ्यायचे नाहीत. गादीवर बसायचं नाही आणि चहा घ्यायचा नाही.

"चहानं काय व्हतंय?"

"चहा घेतलास की तुला रिकाम्या हातानं उठता येत नाही."

आक्काताईंनी खिडकीबाहेर बघितलं. बोलणं खरं होतं. दुकानदाराने पंचवीस घड्या मोडल्या की त्यांना त्याची भीड पडायची. बिचाऱ्याला आता ह्या सगळ्या परत घालाव्या लागणार, या विचाराने त्या निदान एक तरी उचलायच्या. गेल्या दिवाळीत अशाच दोन साड्या घरात आल्या होत्या.

पहिल्या दुकानात दीक्षाने धागा मागितला, तसा मालक खुर्चीतून अर्धा उठला.

"ताई, हे कापडाचं दुकान हाय. फटाक्यांचं न्हवं."

"बाहेर जाऊन जाळते. एकच धागा द्या."

त्याने कडेला लोंबणारा दोरा तोडून दिला.

"हा शिलाईचा आहे. मला कापडाचा पाहिजे."

"मग कापड घ्या की. घरी न्हेऊन समदंच जाळा."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. आक्काताई आधीच पायऱ्या उतरल्या होत्या. "लाज काढलीस," त्या म्हणाल्या आणि दीक्षाच्या पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने काही न विचारता धागा काढून दिला. दीक्षाने कोपऱ्यात वाऱ्याला पाठ करून काडी ओढली. राख झाली, स्वच्छ. बाह्या मनगटापर्यंत, किंमत नऊशे, तिच्या मापाचे दोन शिल्लक. रंग मात्र मळकट खाकी.

"पोत्यागत दिसतंय," आई म्हणाली. "लॅबमधी जातीस का हमालीला?"

पैसे तिथेच द्यायला हवे होते. पण दीक्षाने आरशात एकदा बघितलं आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "अजून एक दुकान बघतो, येताना घेऊ." असली काही सवलत तिच्या नियमांत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दुकानात जोतीराम नावाच्या सेल्समनने "या वैनी, बसा" म्हणायचा अवकाश, आक्काताई गादीवर बसल्यासुद्धा. पाय दुखत होते, त्यांचाही इलाज नव्हता. चहा आला, तोही संपला. कुर्त्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. दीक्षा उभीच होती, दात आवळून.

"आई, ऊठ."

"आगं, किती उघडल्यात त्यानं, बघ की जरा."

"त्याचं कामच आहे ते."

"बघाय काय पैसं पडत न्हाईत, ताई," जोतीराम म्हणाला आणि त्याने एक मोरपंखी कुर्ता झटकून तिच्या खांद्यावर टाकला. पूर्ण बाह्या, मनगटाशी बारीक पांढरी वेल. समोर आरसा होता. सोमवारी फाउंड्रीच्या गेटमधून आत जाणारी दीक्षा तिला त्यात अगदी स्पष्ट दिसली.

"प्युअर कॉटन," जोतीराम म्हणाला. "चौदाशे. ह्यातच मरून रंग बी हाय."

आक्काताईंनी तिच्याकडे बघितलं, मग पिशवीत हात घालून काडेपेटी बाहेर काढली. "वड की धागा. सकाळपासनं डोकं खाल्लंस की त्यापायी. मी न्हाय लाजत आता."

"नको."

"का गं?"

"आतून इंटरलॉक शिलाई आहे. ओढला तर उसवेल."

"कडंचा वड."

"आई, हाताला कळतंय मला. सुतीच आहे."

काडेपेटी थोडा वेळ आक्काताईंच्या तळहातावर तशीच राहिली. मग त्यांनी ती पिशवीत टाकली. दोन कुर्त्यांचे अठ्ठावीसशे झाले. पावतीच्या तळाशी छापलं होतं की विकलेला माल परत किंवा बदलून मिळणार नाही. बसमध्ये आक्काताईंना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन दीक्षा बसली आणि उतरेपर्यंत तिने ती उघडली नाही.

घरी मेणबत्ती खिडकीतच होती. आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मधेच थांबला. दीक्षाने बाहीचा आतला काठ उलटला. इंटरलॉक होतं, पण कडेचा धागा सहज निघाला. प्रत्येक कुर्त्याचे चार धागे एकत्र पिळून तिने दोन पीळ केले, दोन्ही सारख्याच लांबीचे, आणि एकामागून एक ज्योतीवर धरले. थंड व्हायला वेळ दिला. मग स्टीलची मोजपट्टी घेतली.

मोरपंखीचा मणी दोन मिलिमीटर, मरूनचा अडीच.