अपूर्वाचा नवस

माझ्या धाकट्या जावेच्या घरावर कर्ज झालंय हे सगळ्यांत आधी मला कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी शिरा केला. आमच्या ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, रवा जुना होत होता.

त्याचं असं झालं. माझा दीर दर्शन रत्नागिरीत गाड्यांच्या शोरूमला आहे आणि त्याची बायको अपूर्वा एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. दर्शनने क्रेडिट कार्डाच्या अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून आमच्या ह्यांचा नंबर देऊन ठेवला होता. आमचे हे दिवसभर काजूच्या बागेत. तिथे रेंज येत नाही, म्हणून फोन घरीच चार्जिंगला. मग वसुलीवाल्याचा फोन आला तो मीच उचलला. दर्शन तुमचे कोण लागतात, हप्ते थकलेत, त्यांना समजवा. मी म्हटलं, सांगा ना भाऊ, नीट सांगा, मी मोठी जाऊ आहे त्यांची. असल्या माणसांना कुणी गोड बोलत नसेल. त्याने घडाघडा सगळं सांगितलं. दोन कार्डं, तीन लाख सत्तेचाळीस हजार. महिन्याला कमीत कमी जेवढं भरावं लागतं तेवढंच भरत राहिले आणि व्याजावर व्याज चढत गेलं.

तुम्ही म्हणाल, धाकट्या जावेनं एवढं काय वाकडं केलं होतं? सांगते. रत्नागिरीजवळ नाचण्याला त्यांच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा मी पहाटे उठून फणसाची पन्नास सांदणं करून नेली होती. तिने डबा घेतला, झाकण उघडून बघितलं आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनवर ठेवून दिला. पाहुण्यांसाठी केक मागवलेला होता. मैत्रिणींना म्हणाली, "ह्या आमच्या गावच्या वहिनी." डबा संध्याकाळी तसाच माझ्याबरोबर परत आला. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. पण मला ते पुरलं.

तरी मी कुणाला बोलले नाही. दया आली म्हणून नव्हे. असली गोष्ट आपल्या एकटीलाच ठाऊक असण्यात जी मजा असते ती सांगून टाकण्यात नाही.

मग त्या वर्षी गणपतीला ती गावी आली. नेहमीसारखी नटून नाही. साधी वापरातली साडी, हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या, आणि एका चपलेचा पट्टा वाटेतच तुटला म्हणून दोन्ही चपला पिशवीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत मटणाची वर्गणी निघते, घरटी पाचशे. ती म्हणाली, "आम्हाला धरू नका. मी खात नाही आता." सगळ्या बायका बघायला लागल्या, कारण मटण-मासे म्हटल्यावर अपूर्वा काय होती ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मथुराकाकी, आमच्या वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, तिच्या पायांकडे बघून म्हणाली, "काय गो, पायात काय नाय, अंगावर सोना नाय, खायाचा पण सोडलंस. देवीला नवस बोललीस काय?"

अपूर्वाने माझ्याकडे बघितलं, मग काकीकडे, आणि मान हलवली.

तिला काय ठाऊक आपण कशाला हो म्हणतोय! शहरात नवस म्हणजे आपला खाजगी मामला. आमच्याकडे तसं नसतं. नवस एकदा लोकांना कळला की तो गावचा होतो.

पण त्या एका मानेच्या हलवण्याने तिची केवढी सोय झाली! लग्नात आहेर नाही, नुसता नारळ, का तर नवस आहे. हॉटेल नाही, नवी साडी नाही, पार्लर नाही. कुणी विचारलंच काय नवस म्हणून, तर नवस सांगायचा नसतो म्हणून मोकळी. मी एकदा मुद्दाम त्यांच्याकडे राहून आले. ए.सी. विकलेला. भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पाच पिशव्या चिमट्यांनी अडकवलेल्या. पगार झाला की पैसे रोख काढायचे आणि वाटून पिशव्यांत टाकायचे. किराणा, वीज-गॅस, मुलीची म्हणजे सानवीची फी, औषधपाणी, आणि पाचवीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती कसली, हे मला विचारायची गरज नव्हती. किराण्याची पिशवी पंचवीस तारखेला रिकामी झाली तर पुढचे पाच दिवस कुळीथ. दर्शनची सिगारेट बंद, सानवीला वाढदिवसाला घरचाच शिरा. सोन्याच्या पाटल्या विकून जास्त व्याजाचं कार्ड तिने आधी फेडलं होतं, हे मला वसुलीवाल्याकडून कळलं. मला राग आला, कारण बाई खरंच करून दाखवत होती. तिच्या जागी मी असते तर चार महिन्यांत मोडून पडले असते.

वर गावात तिचं कौतुक! मथुराकाकी मला म्हणायची, "बघ गो हेमा, शहरात ऱ्हावन पण बाईने मासे सोडलान. शिक कायतरी." मी, जिने सासूचं आजारपण काढलं, गोठा काढला, मी शिकायचं! नळाला पाणी भरतानासुद्धा बायका अपूर्वाचं नाव काढायच्या. जी बुडाली म्हणून मला बरं वाटलं होतं, ती अशी तरंगून वर आली.

दीड वर्षाने वसुलीवाल्याचे फोन बंद झाले, तेव्हाच मी ओळखलं की कर्ज संपत आलंय. आणि यंदा शिमग्याला ती आली ती हसतच. पालखी दुपारी आमच्या अंगणात यायची होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पुरण वाटत होतो. ती माझ्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "वहिनी, या एकतीस तारखेला मी सुटणार. बावीस हजार राहिलेत फक्त."

"कशातून गो?" मी विचारलं.

ती नुसती हसली. जसं काही मी तिची थट्टाच करत होते. म्हणाली, "त्या दिवशी कात्री घेऊन बसणार आहे मी. तुकडे तुकडे करणार त्याचे. मग पोटभर बांगडा खाणार."

तिचं ते हसू मला सहन झालं नाही. तिथेच, पुरणाचा हात धुता धुता, मी ठरवलं.

पालखी आली, ढोल थांबले, ओट्या भरून झाल्या. भिकाजी गुरवाने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाचं काय गाऱ्हाणं, कुणाचा काय नवस? सगळी वाडी अंगणात होती. मी पदर सावरून पुढे झाले. "आमच्या अपूर्वाचा नवस पुरा झालाय. आताच मला आत सांगितलान. माझ्या जावेनं दोन वरसा कशी काढलान ती सगळ्यांनी बघितलाय. आता देवीचा देवीला देऊन टाकू दे."

बायकांनी "अगो बाय!" केलं. मथुराकाकीने तर अपूर्वाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. भिकाजीने विचारलं, "काय बोललं हुतंस, बाय? देवीसमोर सांग."

अपूर्वाने दर्शनकडे बघितलं. तो खाली बघत होता. मी थोडा वेळ जाऊ दिला. घाई नव्हती मला. मग म्हटलं, "लाजतेय ती. वाडीला जेवान, देवीला जरीची साडी आणि चांदीचे डोळे."

त्या वेळी ती "नाही" म्हणू शकली असती. पण मग काय सांगणार? की नवस नव्हताच, देवीचं नाव पुढे करून दोन वर्षं सगळ्यांना फसवलं? भर शिमग्यात, पालखीसमोर? ती माझ्याकडे टक लावून बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. काहीतरी समजून घ्यायला बघत होती. मग म्हणाली, "होय."

भिकाजीने हात जोडले. "बा देवी म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीन जो नवस बोललान, तो पुरा झालाय. येत्या रविवारी ती तुझा तुला देनार हाय. ता गोड मानून घे, नि तिच्या संसाराची राखन कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. मीही ओरडले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पालखी पाडव्याला देवळात परत जाते, म्हणजे रविवारच्या पलीकडे दिवस नव्हता. पाच दिवसांत सव्वादोनशे माणसांचं जेवण, मांडव, आचारी, साडी, चांदी. मी स्वतः तिच्याबरोबर रत्नागिरीला बाजाराला गेले. मोठी जाऊ ना, एकटीला कसं सोडणार! पहिल्याच दुकानात पाचवी पिशवी संपली, त्यातच एकतीस तारखेचे बावीस हजार होते. सोनाराकडे तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं. दोन वर्षं वापरलं नव्हतं, त्यामुळे पिन नंबर आठवेना. मशीन हातात धरून तिने दर्शनला फोन लावला. त्याने, जणू कालच वापरलं असावं तसे, चारही आकडे एका दमात सांगितले. ती क्षणभर फोनकडे बघत राहिली, मग आकडे दाबले. मला वाटलं होतं, हे बघताना मला फार आनंद होईल. झाला.

दिवसअखेर कार्डावर त्र्याऐंशी हजार चढले होते. एस.टी.त ती खिडकीशी बसली. तिकिटं मी काढली. तेवढं मी केलं.

रविवारी पालखी जिथे मुक्कामाला बसते त्या सहाणेवर पंगती बसल्या. दुसऱ्या पंगतीला मी बसले. अपूर्वा अनवाणीच भात वाढत आली आणि माझ्यासमोर वाकली. आवाज अगदी साधा होता.

"वहिनी, तो वसुलीवाला मलाही फोन करायचा. म्हणायचा, तुमच्या गावच्या वहिनी चांगल्या आहेत, सगळं ऐकून घेतात."

मी वर बघितलं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. आणि दोन वर्षांत तुम्ही कुणाला एक शब्द बोलला नाहीत. मी रडायचे ना रात्री, तेव्हा मनाला हेच सांगायचे की घरात एक तरी माणूस आपलं आहे. त्या दिवशी पुरण वाटताना म्हणूनच तुम्हाला सांगितलं. दर्शनलासुद्धा अजून तारीख सांगितली नव्हती." तिने पत्रावळीवर आणखी भात वाढला. "पालखीसमोर तुम्ही उठलात तेव्हा मला आधी वाटलं, तुम्ही मला सोडवायला उठलात."

 

तेवढ्यात सानवी आली. ज्यांचा नवस त्यांच्या मुलांनी पंगतीतल्या वडीलधाऱ्यांना ओळीने नमस्कार करायचा असतो. पोरगी चौदा वर्षांची, आईची जुनी साडी नेसलेली. एकेकाच्या पाया पडत ती माझ्यापर्यंत आली आणि हसून वाकली. "आई म्हणते, हेमाकाकूला कधी विसरायचं नाही," म्हणाली.

अपूर्वाने तिला दंडाला धरून उठवलं. "इथे नको," म्हणाली, आणि तिला पुढे मथुराकाकीकडे घेऊन गेली.

दोन्ही बाजूच्या बायकांनी ते बघितलं. काकीने विचारलं, "काय झाला गो?" अपूर्वा पुढच्या पानावर भात वाढायला वाकली. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण नवसाचं अन्न पानात टाकायचं नसतं आणि तिने डोंगराएवढा भात वाढून ठेवला होता. सगळी पंगत उठली, हात धुऊन आली, गप्पा मारत मांडवात उभी राहिली. मी एकटी बसून तो खात होते.