लुकोवाचचा ब्रेकर

क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातल्या एका कचेरीतून बेटांच्या बोटींचं तिकीट-अ‍ॅप चालत असे, आणि लुकोवाच बेट रोज सकाळी दहाला त्यातून नाहीसं होत असे. समुद्रात ते जागच्या जागी असे.

ओर्नेलाला याचं भारी कुतूहल. तिच्या साहेबांना, फ्रानेंना, अजिबात नाही. "आज कारण सापडलं नाही, तर लुकोवाच कायमचं काढून टाक," म्हणाले आणि बाहेर पडले.

काढलं असतं, तर बेटावरच्यांना गाडी बोटीवर चढवायला पूर्वीसारखी पहाटे धक्क्यावर रांग लावावी लागली असती. रांगेत ओर्नेलाची आई असती, आणि ती रांगेतून फोन करणाऱ्यांपैकी होती.

प्रत्येक बंदरासाठी अ‍ॅपमध्ये एक सर्किट ब्रेकर होता. बंदरातून उत्तर वेळेत आलं नाही की तो पडे आणि ते बंदर अ‍ॅपमधून गायब होई. एका मुक्या बंदरापायी बाकीची खोळंबत नसत. मग अधूनमधून तो आपणच एक हाक मारून बघे. वाट बघायची दोन सेकंद, सगळ्या बंदरांना सारखीच. फ्राने समतावादी होते.

दहा वाजले. लुकोवाचचा ब्रेकर पडला. ओर्नेलाने तिथल्या बंदर-कारकुनाला, झोर्झीकाकांना, फोन लावला.

"बार्बा झोर्झी, दहाला तुमच्याकडे होतं तरी काय?"

"मारेंदा होते, पोरी! न्याहारीशिवाय दुसरं काय होणार?" तळलेली तारली कुरकुरली. "पण कुणीतरी चावट माणूस मागे लागलाय. कॉम्प्युटरची घंटा वाजवतो. मी घास टाकून खानावळीतून पळत येतो, तर हा गायब! परत जाऊन बसलो की परत घंटा."

"पळत येता?"

"बरं बाई, येतो."

ओर्नेलाने पडद्यावरच्या चावट माणसाकडे, म्हणजे ब्रेकरकडे, बघितलं. "खानावळीतून खुर्चीपर्यंत किती वेळ लागतो?"

"ते माझ्या गुडघ्याला विचार."

बाकीच्या बंदरांना हात न लावता तिने एकट्या लुकोवाचला दोन मिनिटं दिली आणि एका गाडीसाठी जागा मागितली. फोनमध्ये घंटा वाजली. खुर्ची सरकली, एक शिवी, पावलं, दार, मग दुसरी खुर्ची कण्हली. पडद्यावर उमटलं: जागा आहे.

"अरेच्चा, सापडला!" बार्बा ओरडले.

तेवढ्यात फ्राने तोंड पुसत परतले. "ही एकट्या बेटाला वेगळी वेळ कशाला?"

"दहाला त्यांची मारेंदा असते."

"मारेंदा होय!" फ्रानेंनी दातातला काटा काढला. "मग राहू दे. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय."