अकरा जणींचा कागद

खासदार होऊन सात वर्षं झाली तरी त्यांना सगळे बाईच म्हणत. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत शिकवलं होतं आणि ती सवय काही अंगातून जात नव्हती. सभागृहात समोरून कोणी मधेच ओरडलं की त्या बोलायच्या थांबत, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि तो गप्प बसेपर्यंत पुढे सरकत नसत. सत्ताधारी बाकांवर या प्रकाराची भरपूर टिंगल व्हायची. पण ओरडणारे गप्प बसायचे, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी त्यांना तीन मिनिटं मिळाली होती. विरोधी पक्षातल्या मागच्या रांगेतल्या सदस्याला तीन मिनिटं मिळवायला काय दिव्य करावं लागतं, ते ज्याने सकाळी सातला जाऊन चिठ्ठी टाकली आहे त्यालाच ठाऊक. नऊ चिठ्ठ्या वाया गेल्या, दहावी सोडतीत निघाली. विषय होता त्यांच्या मतदारसंघातल्या डोंगरापलीकडच्या गावांचा आणि तिथे बाळंतपणात दगावणाऱ्या मुलींचा.

सरकारी आकडा होता शून्य. संतापाची गोष्ट ही की कागदोपत्री तो आकडा चुकीचा नव्हता. गावातल्या उपकेंद्रातून अडलेली मुलगी निघते तेव्हा जिवंत असते, म्हणून उपकेंद्राच्या वहीत मृत्यू नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ती पोचतच नाही, म्हणून तिथल्या वहीत तिचं नावच नाही. मरते ती मधल्या बेचाळीस किलोमीटरमध्ये, आणि रस्त्याला वही नसते. रुग्णवाहिका आहे, तीन वर्षांपासून उभी आहे, कारण चालकाची जागा भरलेली नाही. प्रत्येक लेखी उत्तरात मात्र ‘रुग्णवाहिका उपलब्ध’ असं ठणकावून लिहिलेलं असतं.

हिशेब ठेवला होता तो एकटीने, उपकेंद्रातल्या नर्सने. ती चौथीला बाईंच्या वर्गात होती. आता बेचाळिशीची झाली होती, पण बाईंच्या लेखी ती अजून दोन वेण्यांचीच. तिने आखीव कागदाच्या दोन्ही बाजू भरून पाठवल्या होत्या. तीन वर्षांतली अकरा नावं, सगळ्यात अलीकडचं आधी, वय, तारीख आणि जीव कुठे गेला ते ठिकाण. ‘ओढ्याच्या वळणावर.’ ‘टेम्पोत, चढ संपताना.’ ‘खडीच्या कारखान्यासमोर, बाळ जिवंत.’ खाली सही, हुद्दा आणि उपकेंद्राचा शिक्का.

“हा कागद घरी ठेवा, बाई,” त्यांचा सहायक म्हणाला होता. बावीस वर्षं वेगवेगळ्या खासदारांची टिपणं लिहून त्याचे केस पांढरे झाले होते. “हातात फक्त माझं टिपण न्या. कागद दाखवलात की समोरचा तो मागणार.”

सभागृहाचा तसा नियमच आहे. कागद दाखवून बोललात, तर कोणीही म्हणू शकतं की तो पटलावर ठेवा. म्हणजे सचिवांच्या टेबलावर कायमचा द्या, ज्याला हवा त्याने वाचावा. ते करायचं नसेल तर बोललेलं मागे घ्यायचं. बाईंना हा नियम पाठ होता. पण सात वर्षं त्या टिपणं वाचत होत्या आणि सात वर्षं समोरचे जांभया देत होते. या वेळी त्यांना खरं अक्षर हातात हवं होतं.

त्या उभ्या राहिल्या. पहिलं नाव वाचलं, वय एकोणीस. दुसरं वाचलं, वय बावीस. सभागृहातली कुजबुज थोडी कमी झाली. तिसरं वाचलं तेव्हा आरोग्यमंत्री उठलेच.

“अध्यक्ष महोदय, या भागात असा एकही मृत्यू झालेला नाही. माननीय सदस्या कुठली यादी वाचताहेत?”

इथे बाईंनी घोडचूक केली. त्यांनी कागद वर धरला, वर्गाला एखाद्याची वही दाखवावी तसा. “ही! जिने स्वतः पाहिलंय तिची!”

“मग ठेवा की पटलावर,” मंत्री हसून म्हणाले. “आम्हालाही बघू द्या कोणी पाहिलंय ते.”

समोरची बाकं बडवली गेली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाई, कागद ठेवता की विधान मागे घेता?”

बाईंनी कागद खाली घेतला आणि त्यांची नजर सहीवर गेली. अक्षर त्यांनीच वळण लावून दिलेलं. वेडी कुठली, त्यांच्या मनात आलं, असल्या कागदावर कोणी सही करतं का! उद्या हिची बदली होईल, नाही तर निलंबन. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, नवऱ्याचा पत्ता नाही. हिचं घर मी तीन मिनिटांसाठी उठवू? सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना वाटणाऱ्या भीतीत सगळी नर्सची काळजीच नव्हती. हक्कभंगाचा शब्द समोरून दोनदा ऐकू आला होता, आणि सभागृहाची दिशाभूल केल्याचा ठपका बसला तर सदस्यत्वही जाऊ शकत होतं.

“मी माझं विधान मागे घेते,” बाई म्हणाल्या.

“नावंही कामकाजातून काढून टाका,” अध्यक्षांनी सांगितलं. मंत्र्यांनी हात जोडून बाईंचे आभार मानले.

संध्याकाळपर्यंत बाईंनी स्वतःची समजूत घालून टाकली होती. पोरीची नोकरी वाचली, बास. कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बारा दिवसांनी अधिवेशन संपलं तशी डोंगरापलीकडे गाडी काढायला लावली. नर्सला तिचा कागद परत द्यायचा होता. खोटं कशाला बोला, दोन शब्द आभाराचे ऐकायला मिळतील असंही त्यांना वाटत होतं.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वजनकाटा, लसींची पेटी आणि पाय हलणारं एक टेबल. नर्स उकळलेल्या कात्र्या चिमट्याने ताटलीत ठेवत होती. बाईंना पाहून ती उभी राहिली, पण हसली नाही.

“घाबरू नकोस,” बाई म्हणाल्या. “तुझं नाव कुठेही आलेलं नाही. हा घे कागद.”

तिने कागद घेतला नाही. “का नाही ठेवलात, बाई?”

“अगं, तुझी सही होती त्यावर! नोकरी गेली असती तुझी.”

“मग? मी सही चुकून केली असं वाटलं तुम्हाला?” चिमटा तिने ताटलीत टाकला. “शिक्कासुद्धा मारला होता. दोन वर्षं विचार केला मी त्यावर. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले कर. नोकरी जाणार हे धरूनच पाठवला होता. तुम्ही एक फोन करून विचारलं असतं तर?”

“तुझ्या भल्यासाठीच…”

“मी काय चौथीत आहे का, बाई?”

बाई बाकावर बसल्या. आयुष्यात त्यांना कोणत्याही विद्यार्थ्याने असं विचारलं नव्हतं. तिला लहान समजणं सोयीचं होतं, एवढंच त्यांना त्या क्षणी कळलं आणि तोंड कडू झालं.

नर्सने खणातून एक पाकीट काढलं. एकोणीस वर्षांच्या त्या पहिल्या मुलीच्या नवऱ्याने चार महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. बायको बाळंतपणात गेली अशी नोंद करून द्या, इतकंच मागणं. अर्ज परत आला होता आणि त्याला सभागृहाच्या कामकाजाचं छापील पान जोडलेलं होतं. बाईंच्या एका ओळीखाली निळ्या शाईने रेघ मारली होती. शेजारी कोणीतरी लिहिलं होतं: ‘स्थानिक खासदारांनीच विधान मागे घेतल्याने चौकशीची आवश्यकता नाही.’

“आधी निदान कोणी काही म्हटलेलं नव्हतं,” नर्स म्हणाली. “आता ‘मृत्यू झालाच नाही’ असं म्हटलंय. तेही तुमच्या तोंडून.”

“मी पुन्हा चिठ्ठी टाकते. पुढच्या अधिवेशनात…”

“टाका. पण आधी त्यांच्या घरी चला. मी रोज त्या दारांवरून जाते. मला नाही सांगता येत.”

पहिलं घर त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या माहेरचं, गावाच्या वळणापाशी होतं. दारात दोरीवर धुतलेली दुपटी वाळत होती, आणि आत एक म्हातारी मांडीवर सहा महिन्यांचं बाळ थोपटत बसली होती. मुलीची आई. बाईंना पाहून तिची धांदल उडाली. तिने बाळ नर्सच्या हातात दिलं, पदराने खुर्ची पुसली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. अर्ज परत आल्याचं जावयाने तिला सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

“तुम्ही तिचं नाव घेतलंत म्हणे तिथं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. मोठ्यानं.”

“घेतलं,” बाई म्हणाल्या.

“सगळं लिहून ठेवतात ना तिथं? म्हणजे हा मोठा झाला की त्याला वाचता येईल, आई कशी गेली ते.”

बाईंनी नर्सकडे पाहिलं. ती बाळाचं डोकं सावरत होती, तिने मान वर केली नाही. होय म्हणून सुटता आलं असतं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, आणि बाळ मोठं होईपर्यंत बाई राहणार नव्हत्या.

“नाही वाचता येणार,” बाई म्हणाल्या. “नाव काढून टाकलं त्यांनी. मी माझं बोलणं परत घेतलं.”

म्हातारीला ते उमगायला वेळ लागला. तिने तांब्या हळूच जमिनीवर ठेवला.

“परत घेतलं म्हणजे? तशी ती गेलीच नाही, असं म्हणालात?”

“हो,” बाई म्हणाल्या. “तसंच म्हणाले मी.”