उताराच्या तोंडाशी

गोपीचंदने कुऱ्हाडीचं पातं ठोकून काढलं, ओट्यावर ठेवलं आणि नुसता दांडा घेऊन तो निघाला.

अंगणात टांगलेल्या झेंडूच्या हारातली फुलं एका शेळीने ओढून खाल्ली. कोणी तिला हाकललं नाही.

रेतीत एक दात पडला. पांढरा, मुळाशी तंबाखूचा डाग.

नदीपलीकडे पवनीची बस थांबली, दोन म्हाताऱ्या उतरल्या, बस गेली.

चुलीवरचा भात लागला. वास घरभर झाला तरी तुळसाने भाताचा गंज उतरवला नाही.

*

दात भूपेंद्रचा होता. तो रेतीच्या ठेकेदाराकडे पंप चालवायचा आणि आज सकाळी पंप परत न्यायला आला होता. काठावर उतरताच समोर आलेल्या माणसाला त्याने हसून रामराम केला. तो माणूस गोपीचंद होता.

कारूटोला वैनगंगेच्या दोन धारांमध्ये आहे. पावसाळ्यात पलीकडे जायला डोंगा, म्हणजे लहान होडी, लागतो. एरवी लोक पूर्वेच्या धारेतून पायी जातात. त्या वाटेला उतार म्हणतात. बेटावरचं कोणी पाण्यात बघून उतार ओलांडत नाही. पलीकडचं अर्जुनाचं झाड नाकासमोर धरायचं आणि चालत राहायचं. बाप पोराला एवढंच शिकवतो. परवा गोपीचंद आणि तुळसाचा मुलगा प्रफुल्ल तसाच निघाला होता, डोक्यावर हरभऱ्याच्या बियाण्याची थैली घेऊन. जिथे मांडीभर पाणी असायचं, तिथे पंपाने रेती ओढून विहिरीएवढा खड्डा केला होता. थैली आधी सापडली. प्रफुल्ल काल.

पातं काढून ठेवलं होतं, कारण गोपीचंदला मारायचं होतं, कापायचं नव्हतं. निदान घरून निघताना तरी.

*

भूपेंद्रला गोपीचंदने आणि गावच्या माणसांनी तुळसाच्या अंगणापर्यंत ओढत आणलं आणि बैलाच्या दाव्याने खुंट्याला बांधलं. आता दांडा गोपीचंदच्या पुतण्याच्या, चंद्रकुमारच्या हातात होता. गोपीचंद थकला की तो मारायचा.

"मी तं नौकर आहो जी," भूपेंद्र म्हणाला. "मालक सांगते तिथं पंप लावतो."

"मालकाचं नाव नोको सांगू. त्याले आम्ही ओळखतो. तो गाडीतून उतरत नाही." चंद्रकुमारचा दांडा मांडीवर पडला. "तू उतरतेस."

"हळू मार बे," मागून कोणी म्हणालं. "दुपारपर्यंत पुरला पाहिजे."

दोघं-तिघं हसले. गोपीचंद हसला नाही. त्याने दांडा परत घेतला, दोन्ही हातांनी वर नेला आणि भूपेंद्रच्या पाठीवर घातला. भूपेंद्रच्या तोंडून शब्द आला नाही, नुसती हवा आली.

बेटावर पोलीस यायला वेळ लागतो, म्हणून तिथे एक जुनी रीत आहे. ज्या घरचं नुकसान झालं, त्या घरची बाई मार खाणाऱ्याला पाणी पाजते. पाणी पाजलं की मार थांबतो. मग त्या माणसाला कोणी बोटही लावत नाही. कोंबडी चोरणाऱ्याला चार-पाच रट्ट्यांत पाणी मिळतं. धान चोरणाऱ्याला जरा उशिरा. पाणी आलंच नाही असं अजून कधी झालं नव्हतं.

तुळसा दारात बसली होती. सगळे मधून मधून तिच्याकडे बघत होते.

"बाई," म्हातारे बाबुलाल काठी टेकत जवळ आले. गावात रीत सांगायचं काम त्यांचं. "तुह्या मनात काय आहे ते पाय. आम्ही काही म्हणत नाही."



"काकी नाही देत पाणी," चंद्रकुमार म्हणाला. "काहून देईन? ऐकलं का बे, पंपवाल्या? एवढं पाणी उपसलंस, अन् आता घोटभर भेटत नाही तुले."

भूपेंद्रने मान वर केली. एक डोळा पूर्ण मिटला होता.

"खूण लावली होती मी," तो म्हणाला. "खड्ड्याजवळ. आईची शपथ. बांबूची काठी रोवली होती, लाल फडकं बांधून. लोकं जाते इथून, मले माहीत होतं ना जी."

"कोणी पाहिली काठी?" बाबुलालनी सगळ्यांना विचारलं.

कोणीच पाहिली नव्हती. परवा सबंध दुपार अर्धं गाव त्या पाण्यात उभं होतं. काठी असती तर दिसली असती.

"खोटा बोलते," गोपीचंद म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माह्या पोराले आंधळा म्हणते हा. खूण होती अन् माह्या पोराले दिसली नाही म्हणते."

त्यानंतरचा मार वेगळा होता. त्याआधी लोक वाट बघत मारत होते. आता कोणी वाट बघत नव्हतं. चंद्रकुमारने लाथ घातली. ज्यांच्या हातात काही नव्हतं, त्यांनी कुंपणाच्या तुराट्या उपसल्या.

तुळसा उठून आत गेली.

"आणते वाटते पाणी," बाबुलाल म्हणाले.

ती मागच्या दाराने मोरीवर आली. परसात पलीकडे नजर जाणार नाही अशा बेताने ती बसली, लोटा पुढ्यात घेतला आणि त्यावर राख टाकली. लोटा घासलेलाच होता. ती घासत राहिली. तिने तो बाहेरून घासला, बुडाशी घासला, आत हात घालून कडेकडेने बोट फिरवलं. अंगणातून दांड्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजानंतर भूपेंद्रचा. मग दांड्याचा येत राहिला, भूपेंद्रचा येईना. तुळसाने लोटा विसळला. पुन्हा राख घेतली.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. त्यावर कोणीतरी लहान मुलासारखं रडलं.

तिचा हात थांबला. मोरीवरच्या बादलीत राखेचाच लोटा बुडवून ती अंगणात धावली.

"सरका."

माणसं सरकली. भूपेंद्रचा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता. तुळसा मातीत बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लोटा ओठांना लावला. पाणी राखेचं, करडं होतं. ते रक्तासोबत हनुवटीवरून गळ्यात गेलं. थोडं पोटात गेलं.

"माय," तो पुटपुटला. "काठी होती ना वं. खरंच होती."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. पुसताना हात जरा जास्त वेळ ओठांवर राहिला.

"बोलू नोको," ती म्हणाली. "पाणी पे."

*

चंद्रकुमारनेच त्याला खांद्यावर टाकून डोंग्यात नेलं. रीत ती रीत. जाताना तो भूपेंद्रला म्हणाला, "काकीचे पाय धर. माही माय असती तं तुले पाणी नसतं देलं."

लोक पांगताना हळू आवाजात बोलत होते. कोणी तुळसाच्या पाया पडलं. बाबुलाल दारापर्यंत आले आणि म्हणाले, "लय मोठं काळीज हाय बाई तुहं. गाव याद ठेवीन."

गोपीचंद खुंट्यापाशी उभाच होता. सगळे गेल्यावर तो म्हणाला,

"काहून पाजलंस?"

"मरून गेला असता."

"आपला नाही मेला?"

तुळसाने रिकामा लोटा उपडा केला. आतली ओली राख तळाला चिकटून राहिली होती.

"त्याच्या तोंडाकडे पाहून पाजलं का माह्या तोंडाकडे, एवढं सांग."

गोपीचंद तसाच तिच्या पुढ्यात बसला, कपाळ तिच्या खांद्यावर टेकलं आणि परवापासून पहिल्यांदा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

प्रफुल्ल बुडाला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तुळसा उतारावर धुणं घेऊन गेली होती. तिथे रोवलेली सरळ, नवी बांबूची काठी कोणा ढिवराने जाळ्याच्या खुणेला लावून विसरलेली असेल असं समजून तिने ती उपटली, लाल फडकं सोडून पाण्यात टाकलं आणि घरी आणून परसातल्या वालाच्या वेलाला लावली.