नरखेडची करिष्मा

मेघा शहरातल्या सदर भागात एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुपारी डबा उघडून बसली तेव्हा फेसबुकवर एका अनोळखी बाईचा मेसेज आला होता. नाव करिष्मा. पिवळी ओढणी घेतलेली, हसरी, संत्र्याच्या झाडाखाली उभी.

'जय भीम वहिनी. अंकुशदादा पुढच्या आठवड्यात वर जात आहेत ना? त्यांच्यासाठी आमच्या पेजवर शुभेच्छांची पोस्ट टाकतेय. तुम्हा दोघांचा फोटो पाठवा. आणि दादांसोबत आणखी कोण कोण जातंय, त्यांचीही नावं टाकू.'

मेघाचा घास हातातच राहिला. अंकुश तिचा नवरा. फौजेत नाईक, मोठ्या गाड्या चालवायचा. तो पुढच्या आठवड्यात वर, सीमेकडच्या डोंगरात, जाणार आहे, हे तिला माहीत नव्हतं. परवाच बोलणं झालं होतं. इकडचं तिकडचं, कूलरची मोटर, तिच्या मावशीचं ऑपरेशन. जाण्याबद्दल एक शब्द नाही.

मग हिला कसं माहीत?

तिनं त्या बाईचं सगळं खातं वरखाली केलं. तिरंगा, शहिदांचे फोटो, संत्र्याची बाग, गाव नरखेड तालुका. एक फोटो पाहून झाला की पुन्हा मागे जाऊन तोच पाहायची. बाई देखणी होती, हेच तिला जास्त टोचत होतं. दुपारभर गिऱ्हाइकांना तिनं काय सांगितलं, कोणाच्या नाकावर कोणती फ्रेम ठेवली, तिचं तिलाच आठवेना.

संध्याकाळी जरीपटक्याच्या बाजारातून घरी जाताना अंकुशचा फोन आला. ती भाजीच्या हातगाडीशेजारीच थांबली.

"करिष्मा कोण आहे?" तिनं सरळ विचारलं.

"कोण?"

"नरखेडची. तिले सगळं माहीत आहे तुमचं. तुम्ही वर जाऊन राहिले म्हणे."

पलीकडे एकदम शांतता. मेघाला वाटलं, सापडला.

"तुले कोणं सांगतलं हे?" अंकुशचा आवाज बदलला होता. पकडला गेलेल्या माणसाचा नव्हता तो. घाबरलेल्या माणसाचा होता. "मेघा, मी हे फक्त बाबाले सांगतलं. तू टेन्शन घेशील म्हणून तुले नाही सांगतलं. दुसऱ्या कोणालेच नाही. कोण आहे ही बाई?"

"मले काय माहीत?"

"तिले काही लिहू नको. काहीच नको लिहू. मी पाहतो." आणि फोन कटला.

मेघा तिथंच उभी राहिली. तिनं पुन्हा ते खातं उघडलं. त्या बाईच्या आणि तिच्या मित्रयादीत सारखं एकच नाव निघालं. रुपराव गजभिये. तिचे सासरे.

रुपराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. कडक माणूस. सकाळी दाढी केल्याशिवाय चहा नाही, चपला दाराशी सरळ रेषेत. पण पार्वतीबाई, म्हणजे मेघाची सासू, गेल्या वर्षी वारल्या आणि रुपराव गप्प गप्प झाले. मेघा कामावर गेली की दिवसभर घरात ते एकटेच. मग कोणीतरी त्यांना फेसबुक लावून दिलं. माजी सैनिकांचे ग्रुप, जुन्या पलटणीचे फोटो. चेहऱ्यावर पुन्हा जरा उजेड आला म्हणून मेघालाही बरं वाटलं होतं.

अंकुशचा फोन त्यानंतर लागेना, आणि त्या दिवसापासून ती त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागली. फोन वाजला की ते गॅलरीत जात. लिहिताना हसत. ती जवळ आली की फोन पालथा ठेवत. जेवताना एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "बाबा, अंकुशचा काही फोन?"

"नाही वं. काहून?"

"असंच."

आपण आपल्याच घरात सासऱ्यावर पाळत ठेवून राहिलो, याची तिला लाज वाटत होती. आणि तरी ती ठेवत होती.

रविवारी सकाळी तिनं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला. करिष्माचा मेसेज उघडा होता.

रुपरावांनी वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चांगली पोरगी आहे," ते म्हणाले. "फौजीची लेक आहे. बाप गेला तिचा. आपल्या विदर्भातल्या जवानांवर पेज चालवते."

"तुम्ही भेटले तिले?"

"भेटाले काय पाह्यजे? रोज बोलणं होते."

"दाखवा मले."

त्यांनी आधी दाखवलं नाही. मग रागानंच फोन पुढं सारला. मेघा वाचत गेली. सुरुवातीला सगळं साधं होतं. काका, तुमच्या वेळचे फोटो पाठवा. काका, काकूंच्या हातचं काय आवडायचं? काका, गोळी घेतली का बीपीची? पार्वतीबाई गेल्या त्या तिथीला तर तिनं भलामोठा मेसेज लिहिला होता. मेघाला आठवलं, त्या दिवशी आपण दुकानात स्टॉक मोजत उशिरापर्यंत थांबलो होतो.

मग हळूहळू प्रश्न बदलत गेले. अंकुशदादा कोणती गाडी चालवतात? एकावेळी किती गाड्या निघतात? तिकडचा नवा पूल सुरू झाला का? वाटेत मुक्काम कुठं असतो? आणि प्रत्येक प्रश्नाखाली रुपरावांचं उत्तर होतं. कधी अर्धं, कधी पूर्ण, पण होतं. एक फोटोही होता. अंकुश गाड्यांच्या रांगेपुढं उभा, मागं रस्त्याच्या कडेची पाटी, गावाचं नाव स्वच्छ वाचता येईल अशी.

"बाबा, हे काहून सांगतलं?"

"त्यात काय आहे? जगाले माहीत आहे फौज कुठं आहे ते."

"मले तरी नव्हतं माहीत."

रुपराव ताडकन उठले. "तू मले शिकवतेस? मी सुभेदार होतो. तुह्या जन्माच्या आधीपासून वर्दी घातली मी. ती पोरगी माही विचारपूस करते, ते पाहवत नाही तुले. घरात कोण बोलते माह्याशी? तू येतेस थकून, दोन पोळ्या टाकतेस, झोपतेस."

मेघाला ते लागलं. कारण ते खोटं नव्हतं. पण ती हलली नाही.

"बरं. फोन करा तिले. आता. माह्यासमोर."

त्यांनी लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही. लगेच मेसेज आला, 'काका, घरी पाहुणे आहेत, नंतर बोलू.'

"पाहा," रुपराव म्हणाले. "असतील पाहुणे."

"या आधी कधी तरी आवाज ऐकला तिचा?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. नव्हता ऐकला. प्रत्येक वेळी काहीतरी असायचं. पाहुणे, परीक्षा, रेंज नाही, घसा बसला.

"बाबा, मी म्हणते ते खोटं असेल तर मी तुमची माफी मागीन. पण एक करा. तिले एक खोटी गोष्ट सांगा. फक्त तिलेच. दुसऱ्या कोणाले नाही. मंग पाहू, ती गोष्ट कुठं जाते."

रुपरावांना हे आवडलं नाही. ज्या पोरीला लेक म्हटलं तिच्याशी खोटं बोलायचं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी शेवटी त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: अंकुशचं जाणं रद्द झालं, पाय मुरगळला, दवाखान्यात आहे.

'अरे देवा! काका, काळजी घ्या. कोणत्या दवाखान्यात?' लगेच उत्तर आलं. रुपरावांनी मेघाकडे पाहिलं, जणू म्हणत होते, बघ, किती जीव लावते.

दुसऱ्या दिवशी मेघा दुकानात असताना त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "घरी ये." आवाज ओळखू येत नव्हता.

ती आली तेव्हा ते दिवाणावर बसले होते. फोन बाजूला. माजी सैनिकांच्या ग्रुपवर त्यांना एक निवृत्त सुभेदार भेटले होते, कधीमधी पेन्शनच्या नियमांवर बोलणारे. अंकुशचा विषय त्यांच्यासोबत कधी निघालाच नव्हता. त्या माणसाचा मेसेज होता, 'साहेब, पोराचा पाय कसा आहे? त्याच्या बदल्यात दुसरा कोण जाणार?'

"मी त्याले नाही सांगतलं," रुपराव म्हणाले. "मेघा, बेटा, मी त्याले नाही सांगतलं."

ती त्यांच्याजवळ बसली. जिंकल्याचं तिला काहीच वाटलं नाही. करिष्मा नव्हतीच. सुभेदारही नव्हता. जे कोणी होतं ते एकच होतं, किंवा एकमेकांशेजारी बसलेलं होतं, आणि कोणत्या नावानं काय ऐकलं याचा त्यांचा घोळ झाला होता. आणि हे सगळं महिन्यांपासून या घरात, या दिवाणावर बसून चाललं होतं.

शेजारचा जितेंद्र मोबाईलचं दुकान चालवायचा. मेघानं त्याला बोलावून घेतलं. त्यानं सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, फोन फॉर्मॅट मारून सगळं मिटवून टाकू. खातं बंद, विषय खतम. उगाच तक्रार करायले जासान तर अंकुशच फसंन. नोकरी जाईन पोराची."

मेघाच्याही मनात तेच होतं. तिला बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून जितेंद्र बोलला याचं तिला बरं वाटलं. तिनं रुपरावांकडे पाहिलं.

ते बाजूला पडलेल्या फोनकडे पाहत होते. मग म्हणाले, "अंकुश एकटाच आहे का त्या रस्त्यावर? त्याच्या मागच्या गाडीत कोणाचं तरी पोट्टं आहे. त्याचा बाप बसला असंन कुठं तरी, माह्यासारखाच." ते उठले. "फोनले हात लावू नको गा जितेंद्र. जसा आहे तसाच राहू दे."

त्यांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला. मेघा त्यांच्यासोबत पोलिसांच्या सायबर शाखेत गेली.

तिथल्या बाई अधिकाऱ्यानं शांतपणे सगळं लिहून घेतलं. नंतर सैन्याकडून एक साधे कपडे घातलेला माणूस आला. त्यानं नाव सांगितलं नाही. रुपरावांना त्यानं तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. पैसे मिळाले का? कोणाची भेट झाली का? दुसऱ्या कोणाला जोडलं का? रुपराव खुर्चीत ताठ बसून उत्तरं देत होते. फक्त 'पूल' हा शब्द आला की त्यांची मान खाली जायची.

मग तो मेघाकडे वळला. "तुम्हाला करिष्माचा मेसेज पहिल्यांदा कधी आला? त्याच्या आधी बोलणं नव्हतंच? नक्की? अंकुशला तुम्ही फोन केला तेव्हा बाजारातून केला. घरी का नाही पोचलात आधी?"

"त्यांचा आला होता. मी नव्हता केला."

"फोन द्या."

तिनं दिला. तिचे आणि अंकुशचे मेसेज, तिच्या बहिणीसोबतची भांडणं, सगळं तो परका माणूस सावकाश सरकवत वाचत होता. ती भिंतीकडे पाहत बसली. आपण काहीच केलं नाही, हे ठाऊक असूनही आपण काय काय लिहिलं होतं, ते ती आठवू लागली.

खातं तसंच चालू ठेवा, उत्तर देऊ नका, असं त्यांना सांगितलं. थोड्याच दिवसांत करिष्मा नाहीशी झाली आणि ते सुभेदारही. पिवळ्या ओढणीतली मुलगी दुसऱ्याच राज्यात कुठंतरी शिकत होती. आपला फोटो कोणी उचलला, तिला पत्ताही नव्हता. मागं खरं कोण होतं, ते गजभियांना कोणी सांगितलं नाही.

अंकुशचा फोन आणखी बरेच दिवस लागला नाही. लागला तेव्हा तो मेघाशी मोजकंच बोलला. गाड्यांचं निघणं पुढं ढकललं, रस्ता बदलला. त्याची चौकशी झाली. आता त्याला गाडीवरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं होतं आणि हवालदार व्हायचं लांबलं होतं.

"बाबाले देऊ का?" तिनं विचारलं.

"आज नको."

रुपराव दाराआड उभे होते. त्यांनी ऐकलं. ते गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले कपडे काढून घड्या घालू लागले.

त्या महिन्यात माजी सैनिकांची बैठक होती. रुपराव जाणार नव्हते, मग अचानक निघाले. मेघाला म्हणाले, "तूही चाल." पेन्शनचे आणि दवाखान्याचे विषय संपल्यावर ते उभे राहिले आणि सगळं सांगितलं. काहीही न वगळता. पोरीला लेक म्हटलं तेही, फोटो पाठवला तेही. मागं दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, "सुभेदार साहेब, या वयात पोरीच्या नादी लागले का गा?" रुपराव थांबले, त्या दिशेला पाहिलं, आणि उरलेलं सांगून खाली बसले.

चहासाठी सगळे उठले तेव्हा एक बारीकसे म्हातारे गृहस्थ त्यांच्या खुर्चीजवळ आले. इकडंतिकडं पाहिलं. खिशातून फोन काढला, पण दिला नाही, छातीशी धरून ठेवला.

"माह्यावाली अमरावतीची आहे," ते पुटपुटले. "जय हिंद म्हणते. माहा नातू नेव्हीत आहे." थोडं थांबून म्हणाले, "पण ती खरी असंन ना? सगळ्याच थोड्या तशा असतात."

रुपरावांनी आपली खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "काही मिटवू नका त्यातलं. मेघा, त्या बाई अधिकाऱ्याचा नंबर लाव."