आईचा शर्ट आणि माझ्यावरचा आळ

हे कुणाला सांगायचं नाही, असं सायलीनं मला बजावलंय. तरी मी सांगणार. मी तिच्या उजव्या डोळ्यातली बाहुली बोलतेय.

ती गप्प राहते आणि दोष माझ्यावर येतो. आता पुरे झालं.

माझं काम उजेड आत घेण्याचं. आतल्या पडद्यावर चित्र उमटतं, तिथून एक नस ते डोक्याच्या पार मागे पोचवते. तिथे रेघा आणि रंग जुळतात. त्यापुढे मेंदूचा एक भाग चेहरे ओळखतो. सायलीचा तो भाग जन्मापासून हे काम करत नाही. तिला नाक दिसतं, भुवया दिसतात, तीळसुद्धा दिसतो. पण सगळं मिळून माणूस कोण, ते कळत नाही. असं काहींचं असतं, हे विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितलं, तेव्हा मी भरून आले होते.

ती माणसं चालीवरून, आवाजावरून, कपड्यांवरून ओळखते. ऊस तोडताना धारदार पाचटानं अंग कापू नये म्हणून बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात. तिच्या आईचा, वनमालाचा, निळ्या चौकटीचा. दरवर्षी तोच.

परवा सहा महिन्यांनी ऊसतोडीची टोळी परत आली. शिरूरला ट्रकमधून बायका उतरल्या. निळा शर्ट दिसताच सायली धावत जाऊन बिलगली. ती टोळीतली बबितामावशी निघाली! तिचा शर्ट फाटला म्हणून आईनं आपला दिला होता. आई शेजारीच उभी होती.

"अगं बाई, तुजी माय तिकडं हाय!" बबितामावशी म्हणाली. सगळे हसले.

"सा म्हयन्यात माय इसरली," रुक्मिणीआत्या म्हणाली. आई ऊसतोडीला गेली की सायली तिच्याकडेच राहते. "डोळे तपासून आणले, तर म्हणत्यात लई चांगले. मग माजच हाय हिला!"

 आईनं गाठोडं उचललं आणि चालू लागली.

मी आईचा चेहरा जसाच्या तसा आत धाडला होता. उन्हानं रापलेला, ओठ फुटलेला. एक रेघ गाळली नाही. पाय अधू असता तर तुम्ही हात दिला असता. आतलं काही अधू असेल, हे तुमच्या मनातसुद्धा येत नाही. माज म्हणून मोकळे होता!

आणि सायले, तुझ्यावरही मी चिडलेय. दोन दिवस मान खाली घालून मला नुसती फरशी दाखवतेस. वर्गाच्या फोटोत तुला तू स्वतः सापडत नाहीस, हे आईला कुठे माहीत आहे? तिला वाटतंय, पोरीनं आपल्याला मनातून काढलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या वर्गात अशी कुणी असेल, तर जवळ जाताना आधी आपलं नाव सांगा, तिला हसू नका, आणि...

"सायले, दोन दिस झाले, माज्याकडं बघंना तू. वर बघ की गं."

आई बोलावतेय. मला जायला हवं. सायली मान वर करतेय, ती म्हणतेय, आई, मला तुझा चेहरा दिसतो, पण ओळखता...